हनुवटीवरचे केस: इलेक्ट्रॉलिसिसची सुई कोणाच्या हातात द्यायची?

माझ्या धाकट्या जावेला पीसीओडी, म्हणजे हार्मोन्स बिघडण्याचा त्रास आहे. हनुवटीवर जाड केस येतात आणि चाळिशीनंतर त्यातले काही पांढरे झालेत. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतो, त्यामुळे पांढऱ्या केसांना त्याचा उपयोग नाही. म्हणून आम्ही इलेक्ट्रॉलिसिससाठी, म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीजप्रवाहाने मूळ मारण्यासाठी, ठाण्यात दोन ठिकाणं पाहिली. एक नौपाड्यातलं पार्लर आणि दुसरा घोडबंदर रोडवरचा त्वचारोगतज्ज्ञांचा दवाखाना, जिथे हे काम करणाऱ्या ताई वेगळ्या आहेत. मशीन दोन्हीकडे होतं, भिंतीवर सर्टिफिकेटही दोन्हीकडे. फरक कळला तो प्रश्न विचारल्यावर.

आपल्याकडे या कामासाठी वेगळा सरकारी परवाना लागत नाही. म्हणून कोर्स किती तासांचा होता आणि त्यातले प्रत्यक्ष माणसावर काम केलेले किती, हे विचाराच. अमेरिकेत कॅलिफोर्नियात परवान्यासाठी 600 तासांचं प्रशिक्षण लागतं, फ्लोरिडात 320 तासांचं. आमच्या पार्लरवाल्या बाईंचं शिक्षण मशीन विकणाऱ्यांनी दिलेलं, दोन दिवसांचं. दवाखान्यातल्या ताईंनी ब्यूटी थेरपीचा वर्षाचा डिप्लोमा केला होता. त्यानंतर आठ महिने सीनियरच्या शेजारी बसून आधी पायावर, मग हातावर आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्यावर काम केलं होतं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. चेहरा ही हात बसवायची जागा नव्हे.

मी दोघींना विचारलं, "तुम्ही कुठली पद्धत वापरता?" पार्लरमध्ये उत्तर मिळालं, "मशीन ऑटोमॅटिक आहे." ताईंनी नीट समजावलं. गॅल्व्हानिक पद्धतीत सौम्य थेट प्रवाहाने केसाच्या मुळाशी कॉस्टिक सोडा तयार होतो आणि मूळ विरघळतं. हे सावकाश होतं. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारितेच्या प्रवाहाची उष्णता मूळ जाळते. हे झटपट होतं. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र. जाड, वाकड्या मुळाच्या केसाला त्या ब्लेंड वापरतात. (ही विद्या आली डोळ्यांच्या उपचारातून. 1875 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी आत वळलेल्या पापण्यांच्या केसांवर ती वापरल्याचं लिहून ठेवलं. इतक्या नाजूक जागेचं हे काम आहे.)

खरी परीक्षा मात्र सुई घालण्यात. केस ज्या कोनात उगवलाय त्याच कोनात, मुळापर्यंत, पण पलीकडे नाही. सुई बरोबर गेली तर टोचल्यासारखं वाटत नाही, रक्त येत नाही आणि प्रवाह दिल्यावर चिमट्यात केस अलगद, ओढ न लागता येतो. पार्लरमधल्या ट्रायलच्या वेळी माझी जाऊ दर केसाला दचकत होती. केस ओढून निघत होते, म्हणजे तो चिमट्याने उपटण्याचाच प्रकार झाला. दोन दिवसांनी बारीक खपल्या धरल्या आणि त्यांचे काळे डाग जायला चार महिने लागले. आपल्या सावळ्या त्वचेवर असे डाग पटकन उठतात. "वहिनी, केस परवडले, हे डाग नकोत," म्हणाली बिचारी.

स्वच्छतेत दोघींमध्ये फार फरक नव्हता. सुई सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर काढलेली हवी आणि एकदाच वापरायची, एवढं बघाच. चिमटे कुठे निर्जंतुक करतात तेही विचारा.

ताईंनी सुरुवातीलाच मधुमेह, पेसमेकर, जखमेचा वण फुगण्याची सवय, चालू औषधं, पाळी असं सगळं विचारून लिहून घेतलं. पार्लरमध्ये यातलं काहीच विचारलं नाही. वर "सहा सिटिंगमध्ये कायमचं" असं सांगितलं. ताईंनी साधारण वर्ष ते दीड वर्ष सांगितलं, कारण सगळे केस एका वेळी वाढत नाहीत आणि वाढीच्या टप्प्यातला केस सगळ्यात चांगला मरतो. मेलेलं मूळ परत येत नाही, पण हार्मोन्स बिघडलेले असतील तर शेजारचं नवं जागं होऊ शकतं. मधल्या काळात थ्रेडिंग बंद, हवं तर कात्रीने कापायचे.

पार्लर घराजवळ, स्वस्त आणि रविवारीही उघडं, हे खरं. तरी चेहऱ्यासाठी मी तिथे जाऊ देणार नाही. मात्र दवाखान्याची पाटी पाहूनही निर्धास्त होऊ नका. सुई डॉक्टर धरणार की कोणी मदतनीस, आणि तिचं शिक्षण काय, हे तिथेही विचारा.

या वेळी जावेने दवाखान्यातल्या ताईंकडून जबड्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला दहा मिनिटंच करून घेतलं आणि महिनाभर वाट पाहिली. पहिल्या संध्याकाळची लाली सकाळपर्यंत गेली, डाग उठला नाही. पुढची वेळ तिने स्वतःच फोन करून घेतली.