आरोग्याचा हक्क: लिहिलेला बरा की न्यायालयाने अर्थ लावून काढलेला?

दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेत कलम 27 मध्ये आरोग्यसेवेचा हक्क स्पष्ट लिहिलाय, आणि मर्यादाही तिथेच: सरकारने कायदे करावेत, पण उपलब्ध साधनांत, टप्प्याटप्प्याने. मूत्रपिंडं निकामी झालेला डर्बनचा एक रुग्ण डायलिसिससाठी 1997 मध्ये घटना न्यायालयात गेला आणि हरला. रुग्णालयात यंत्रं होती जेमतेम 20. वाचताना जीव कळवळतो.

आपल्याकडे हा हक्क न्यायालयाने कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातून काढला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला कोलकात्यातली सरकारी रुग्णालयं एकामागून एक परत पाठवत राहिली. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला 25,000 रुपये भरपाई दिली आणि पैशांची सबब चालणार नाही, असं बजावलं. दारात ताटकळणाऱ्यासाठी हे मोठंच. पण पुढच्या रुग्णाने तक्रार कोणाकडे करायची, उत्तर किती दिवसांत? ते कायद्यानेच ठरवायला हवं, आणि राजस्थानने तो केला थेट 2023 मध्ये.

म्हणून मला दक्षिण आफ्रिकेचीच वाट पटते. मर्यादा कडू, पण लिहिलेली. तिच्याशी भांडता येतं. 2002 मध्ये एचआयव्हीबाधित गरोदर बायकांना नेव्हिरापिन, म्हणजे बाळाला होणारी लागण रोखणारं औषध, मिळावं म्हणून लोक त्याच कलमावर लढले आणि जिंकले.