‘सेफ्टीत एमएस्सी’च्या नावाखाली गेलेले एक लाख साडेअठरा हजार

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा साच्यात दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागाचा सुपरवायझर आहे. 2021 च्या पावसाळ्यात सेकंड शिफ्टला आमच्याकडच्या एका कंत्राटी पोराची दोन बोटं प्रेसखाली गेली. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, म्हणजे हात साच्याबाहेर राहतात. पीस पटापट निघावेत म्हणून एका बटणावर कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. त्याला दवाखान्यात घेऊन गेलो तेव्हाच मनाशी ठरवलं, सेफ्टीचं रीतसर शिक्षण घ्यायचं.

हे आधी सांगतोय, कारण मला फसवणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट धरली.

2022 च्या दिवाळीनंतर मोबाईलवर एक जाहिरात दिसली: ‘नोकरी सांभाळून ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टीमध्ये एमएस्सी, एका वर्षात, संपूर्ण ऑनलाइन.’ नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला. बाई अतिशय आपुलकीनं बोलत होत्या. अपघाताचं सांगितल्यावर म्हणाल्या, “सर, तुमच्यासारख्या माणसांचीच या क्षेत्राला गरज आहे. या बॅचला दोनच जागा उरल्यात.”

शनिवारी टिळक रोडला त्यांच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर आयएसओ 9001 चं सर्टिफिकेट, शेजारी एमएसएमईचं उद्यम प्रमाणपत्र आणि एका परदेशी विद्यापीठाचं मोठं बोधचिन्ह. मला वाटलं, एवढी सरकारी कागदपत्रं आहेत म्हणजे काम पक्कं. खरं तर आयएसओ 9001 आमच्या कंपनीच्या गेटवरही लावलंय. ते कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, शिक्षणाच्या मान्यतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि उद्यम नोंदणी कुठलाही लहान व्यावसायिक स्वतःच माहिती भरून फुकट करतो. दोन्ही कागद खरे असतील, पण पदवी द्यायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

‘नेबॉश समकक्ष’ असंही माहितीपत्रकात छापलं होतं. नेबॉश ही 1979 पासूनची ब्रिटिश परीक्षा संस्था आहे. तिची सर्टिफिकेट आणि डिप्लोमा जगभर चालतात, पण ती विद्यापीठ नाही. आपला क्लास त्यांचा अधिकृत आहे का, हे त्यांच्याच संकेतस्थळावर पाहता येतं. समकक्ष म्हणजे काय, हे मी विचारलंच नाही.

पैशांचा भाग नीट वाचा. नोंदणीचे दीड हजार रोख घेतले. बाकी ‘नो कॉस्ट ईएमआय’, महिना 6,500, अठरा हप्ते. टेबलापलीकडच्या मुलानं माझ्या फोनवर एक लिंक उघडली आणि एकामागून एक तीन ओटीपी विचारले. मला वाटलं फीचे हप्ते पाडतायत. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीचं कर्ज माझ्या नावावर निघालं, त्या करारावर आधारनं माझी सही झाली आणि खात्यातून दरमहा पैसे कापायची परवानगी गेली. सगळी रक्कम संस्थेला एकरकमी मिळाली. पुढे शिकवलं काय, न शिकवलं काय, हप्ता माझाच. रिझर्व्ह बँकेनं 2 सप्टेंबर 2022 ला डिजिटल कर्जाचे नियम काढले होते: कर्जाआधी सगळा खर्च मांडणारं पत्रक द्यायचं, आणि सुरुवातीच्या ठरलेल्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंड न देता कर्ज सोडता येतं. मला हे कळलं तोवर मुदत केव्हाच संपली होती.

अभ्यास म्हणजे पीडीएफ. आगीच्या प्रकरणात आपत्कालीन नंबर 911 दिला होता, म्हणजे अमेरिकेतला. 1948 च्या कारखाने अधिनियमाचं नावही नव्हतं. प्रोजेक्टसाठी मी आमच्या प्रेसवर तीन आठवडे खपलो, आकृत्या हातानं काढल्या. रात्री 11:40 ला अपलोड केलं आणि 11:52 ला ‘एक्सलंट’ आलं. साठ पानं बारा मिनिटांत. त्या रात्री मला संशय आला होता, तरी मी गप्प बसलो. आजही त्याचंच जास्त वाईट वाटतं.

जानेवारी 2024 मध्ये रांजणगावला सेफ्टी ऑफिसरच्या मुलाखतीला गेलो. तिथल्या साहेबांनी सर्टिफिकेट हातात घेतलं आणि शांतपणे विचारलं, “हा कोर्स यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या यादीत दाखवता का?” नव्हताच. यादीत नुसतं विद्यापीठ असून भागत नाही, तोच कोर्स ऑनलाइन पद्धतीनं मान्य हवा. आणि विद्यापीठाला असे कोर्स फ्रँचायझी देऊन खासगी क्लासकडून चालवून घेता येत नाहीत. तीन वर्षांच्या बीएस्सीवर एका वर्षात एमएस्सी, इथंच मला थांबायला हवं होतं. त्यांनी पुढचंही सांगितलं: महाराष्ट्रात कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायला तेव्हा 1982 चे नियम होते, आणि त्यासाठी राज्य शासनानं मान्य केलेलीच औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका लागायची. त्यामुळे पैसे भरण्याआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात विचारून घ्या, ही पदविका चालेल का. क्लासवाल्याला विचारू नका.

टिळक रोडला परत गेलो तर तिथं दुसराच बोर्ड होता. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. एक रुपया परत आलेला नाही. सिबिल खराब होऊ नये म्हणून उरलेले हप्तेही भरले. तुमचं असं झालं असेल तर पावती, व्हॉट्सअ‍ॅप चॅट आणि कर्जाचा करार आधी जपून ठेवा. ग्रुपमधून मला काढलं तेव्हा माझ्याकडे निम्म्याच मेसेजचे स्क्रीनशॉट होते.

आता मी शासनमान्य पदविका करतोय, वर्गात बसून. दुसऱ्याच आठवड्यात सरांनी प्रेसच्या दोन बटणांचं सर्किट फळ्यावर काढलं. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर, म्हणजे प्रेसच्या एका ठोक्यानंतर, दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक पडता कामा नये. सर्किट असं असेल तर पट्टी लावलेलं बटण असताना प्रेस चालतच नाही. मी हात वर करून दोनदा विचारलं.

सोमवारी मेंटेनन्सवाल्यांना घेऊन आमच्या अकरा प्रेस तपासल्या. तीन प्रेस पट्टी लावूनही चालत होत्या. त्या दिवशीच बंद केल्या.