शरद ऋतूतली उपकारस्तुतीची वही: घेण्याआधी कोणती पानं उघडून पाहावीत

शरद ऋतू जवळ आला की ख्रिस्ती पुस्तकांच्या विक्रीत एक ठरावीक प्रकारची वही दिसू लागते. मुखपृष्ठावर तांबूस पानं, आत तेरा आठवडे, दर आठवड्याला एक वचन, मननाचे दोन परिच्छेद आणि रोजच्या पानावर 'आज मी कशाबद्दल आभारी आहे?' असं छापून खाली तीन रिकाम्या ओळी. हे परीक्षण कुठल्या एका प्रकाशनाचं नाही, या प्रकारच्या वहीचं आहे. या वह्यांची घडण एकमेकींशी इतकी जुळते की एकीचे गुणदोष बहुतेक दुसरीतही सापडतात. निष्कर्ष आधीच सांगायचा तर वही जरूर घ्यावी, पण 'कशाबद्दल' एवढंच विचारणारी नको. 'कोणाकडून' आणि 'आता पुढे काय' हेही विचारणारी शोधावी. उपकारस्तुती म्हणजे चांगल्या गोष्टींची नोंद नव्हे, देणाऱ्याकडे परत वळणं आहे, आणि वहीची मांडणी त्या वळण्याला एक तर मदत करते नाही तर आड येते.

तीन ओळींच्या वहीचं काय होतं ते आधी पाहू. पहिल्या आठवड्यात घर, कुटुंब, आरोग्य, नोकरी, मंडळी (म्हणजे चर्च) असं भराभर लिहून होतं. दुसऱ्या आठवड्यात तेच शब्द क्रम बदलून येतात. तिसऱ्या आठवड्यात वही उशाशी पडून राहते आणि लिहिणाऱ्याला वाटतं, आपल्यातच भक्ती कमी. तसं नसतं. दोष बहुधा प्रश्नाचा असतो. 'आरोग्य' हा शब्द रोज खराच असतो, म्हणून तो आजचा कधीच होत नाही. 'सकाळी गुडघा न दुखता जिना उतरता आला' हे मात्र फक्त आजच लिहिता येतं. ज्या वहीत 'आज काय घडलं, केव्हा, कोणामुळे' असं विचारलेलं असतं तिची पानं तेराव्या आठवड्यातही भरतात, कारण रोज काही ना काही घडतच असतं.

बायबलमधल्या लूक या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट या वह्यांत हमखास असते. पण तिच्यावरचं मनन नऊ जणांना नावं ठेवण्यातच संपतं. ते नऊ जण येशूनं सांगितलं तसंच वागत होते. त्यानं त्यांना याजकांकडे जायला सांगितलं होतं आणि वाटेतच ते शुद्ध झाले. दहावा, शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीनं परका, आपण बरे झालो हे पाहून परत फिरला, मोठ्यानं देवाचा गौरव करत आला आणि पायाशी पडून आभार मानू लागला. या गोष्टीच्या पानाखाली नुसत्या तीन ओळी छापलेल्या असतील तर ते पान अपुरं आहे. तिथे 'आज कोणाकडे परत जायचं आहे?' हा प्रश्न हवा, आणि नाव लिहायला जागा हवी.

मांडणी म्हणून सर्वांत उपयोगी पडते ती बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या (स्तोत्रांच्या पुस्तकातल्या) स्तोत्र १०७ वर बेतलेली. त्या स्तोत्रात चार प्रकारची माणसं येतात: अरण्यात वाट चुकलेली, बेड्यांत अडकलेली, आजारानं मरणाच्या दारी पोचलेली आणि समुद्रातल्या वादळात सापडलेली. चौघांच्या गोष्टीचा क्रम एकच: संकट, हाक, सुटका, उपकारस्तुती. वहीत हा क्रम चार ओळींत आला की नोंद आपोआप नेमकी होते. उदाहरणार्थ:

संकट: रात्री मुलाचा ताप उतरेना.
हाक: दोन वाजता गुडघे टेकून प्रार्थना, धड शब्दही सुचत नव्हते.
सुटका: शेजारच्या काकू थर्मामीटर घेऊन आल्या, उजाडेपर्यंत बसल्या. पहाटे ताप उतरला.
उपकारस्तुती: देवाचे आभार. काकूंना आज प्रत्यक्ष जाऊन सांगायचं.

अशी नोंद लिहायला पाच ते सात मिनिटं लागतात. म्हणून ती रोज लिहायचा हट्ट धरू नये. आठवड्यातून दोन पुरेत, उरलेल्या दिवशी एक वाक्य चालेल. काही वह्यांच्या मलपृष्ठावर 'विज्ञानानं सिद्ध झालेली रोजची सवय' असा दावा असतो. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी पहिल्यात लोकांना आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. कटकटींची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा हा गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळला. म्हणजे आठवड्याच्या वहीलाही चांगला आधार आहे, रोजची वही राहून गेली तर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. मात्र त्या प्रयोगाचा प्रश्न मन:स्वास्थ्याचा होता. ख्रिस्ती वहीनं तेवढ्यावर थांबून चालत नाही. तिच्यात प्रार्थना हवी, आणि प्रार्थना कोणाशी तरी बोलणं असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा. वहीत दु:खाला जागा आहे का? शरद हा कापणीचा ऋतू, तसाच ओसरण्याचाही. दिवस लहान होतात, बागा उजाड होतात, आणि वर्षभरात कोणाला गमावलेलं असेल तर ती पोकळी याच दिवसांत जास्त जाणवते. अशा माणसाच्या हातात रोज 'तीन चांगल्या गोष्टी लिहा' म्हणणारी वही देणं कठोरपणाचं आहे. हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१८ हे या ऋतूचं खरं वचन. अंजीर फुलत नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एकापाठोपाठ सहा गोष्टी गेल्यावर संदेष्टा म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. कित्येक वह्यांत फक्त अठरावी ओवी सुंदर अक्षरात छापलेली असते आणि सतरावी गाळलेली. सतरावीशिवाय अठरावीला वजनच राहत नाही. विकत घेण्याआधी हे पान शोधावं. दोन्ही ओव्या असतील, आणि खाली 'काय गेलं?' असं लिहायला जागा असेल, तर संपादकानं विचार केला आहे असं समजावं.

विलापाच्या पानावर आणखी एक चूक वारंवार होते: वर 'तुमचं दु:ख लिहा' आणि लगेच खाली 'आता यातली चांगली बाजू लिहा'. स्तोत्रं अशी घाई करत नाहीत. तेराव्या स्तोत्रात 'कुठवर?' हा प्रश्न पहिल्या दोन ओव्यांतच चार वेळा येतो आणि सहाव्या ओवीपर्यंत गाणं येतं, हे खरं. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही स्तोत्रसंहितेत आहे. ज्या आठवड्यात असं आभाराकडे वळणं जमत नाही त्या आठवड्यात पानाचा खालचा भाग कोरा ठेवावा. प्रार्थना तिथेही झालेलीच असते.

देण्याचं पान बहुतेक वह्यांत शेवटी, घाईत आटोपलेलं असतं. ही मोठी उणीव आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची (हंगामातल्या पहिल्या पिकाची) टोपली घेऊन येणारा आधी आपल्या पूर्वजांची भटकंती, गुलामी आणि सुटका मोठ्यानं सांगतो, मग टोपली ठेवतो. लगेच पुढे लेवी (देवाच्या सेवेला नेमलेला वंश) आणि परदेशी यांच्यासह आनंद करण्याची आज्ञा आहे, आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाची, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाची: लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. 'लेवीय' या पुस्तकात १९:९-१० मध्ये तर शेताच्या कडा कापू नका, सरवा गोळा करू नका असं थेट सांगितलं आहे. तेव्हा चांगल्या वहीत दर आठवड्याला एक ओळ 'माझ्या शेताची कड' अशा अर्थाची असावी: वेळ, पैसा, जेवण, एखादी भेट यांतलं या आठवड्यात काय राखून ठेवलं आणि कोणासाठी. ती नसेल तर समासात स्वत: आखून घ्यावी. एवढ्या एका ओळीनं वहीचं स्वरूप बदलतं.

निसर्गावरच्या मननांत पानगळीचं वर्णन सरधोपट असतं: पान मरताना सुंदर होतं, झाड सगळं सोडून देतं, आपणही सोडून द्यावं. प्रत्यक्षात घडतं ते यापेक्षा विचार करायला लावणारं आहे. दिवस लहान झाले की हरितद्रव्य तयार होणं थांबतं आणि असलेलं विघटित होतं. पिवळा-नारिंगी रंग पानात आधीपासून असतोच, तो आता दिसू लागतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडांत याच दिवसांत पानातल्या साखरेपासून नव्यानं तयार होतो. पान सोडण्याआधी झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद बऱ्याच प्रमाणात फांदीत परत ओढून घेतं, आणि देठाच्या तळाशी पेशींचा एक थर तयार होऊन ती जागा बंद होते. पुढच्या वसंतातले डोळेही (नव्या पालवीचे कोंब) पानगळीच्या आधीच फांदीवर धरलेले असतात. चिनाराच्या गळलेल्या पानाचा देठ उलटा करून पाहा: त्याचा तळ टोपीसारखा पोकळ असतो, कारण नवा डोळा इतके महिने त्याच्या आत झाकलेला होता. पान पडल्यावरच तो उघडा पडतो. ज्या वहीतलं मनन असं जवळून बघायला लावतं ती वही दोन पावलं पुढे आहे, कारण उपकारस्तुतीची सुरुवात नीट बघण्यातून होते.

झाडाची पानं चिकटवण्यासाठी वहीत मागे खिसा किंवा कोरी पानं असतील तर एक काळजी घ्यावी. ताजं पान थेट वहीत ठेवू नये. ओल कागदात उतरते, डाग पडतो, बुरशी धरते. आधी दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तकं ठेवावीत, पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदलावा, आणि पान कडक होईपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे, थांबावं. जाड देठ आधीच कापावा, नाही तर कडेची पाती सपाट होत नाहीत. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते, त्यापेक्षा पांढऱ्या डिंकाचे दोन बारीक ठिपके पुरतात. वही उघडी उन्हात ठेवली तर रंग उडतो.

कागद आणि बांधणी यांकडे ग्राहक दुर्लक्ष करतो, पण वही बंद पडण्याचं तेही एक कारण असतं. ए-५ आकार (१४८ × २१० मिमी) लिहायला सोयीचा. ए-६ पिशवीत मावते, पण वरच्या चार ओळींची नोंद तिच्यात कोंबावी लागते. ७०-८० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरचं वजन) कागदावर शाईच्या पेनाचं लिखाण मागे दिसतं, १०० ग्रॅमच्या पुढे सहसा त्रास होत नाही. गुळगुळीत लेपाचा चकचकीत कागद दिसतो छान, पण त्यावर जेल पेन लवकर वाळत नाही आणि हात फिरला की अक्षरं पसरतात. शिवणीची बांधणी घ्यावी: वही मधोमध उघडली की जुडीच्या (एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) घडीत दोरा दिसतो आणि वही टेबलावर सपाट राहते. नुसत्या डिंकाची बांधणी तेरा आठवडे रोज उघडून सहसा टिकत नाही, आधी मधली पानं सुटतात.

तारखा छापलेली वही टाळावी. उत्तर गोलार्धात शरद २२-२३ सप्टेंबरपासून २१-२२ डिसेंबरपर्यंत, म्हणजे तेरा आठवड्यांचा. आगमनकाळाचा (नाताळाच्या तयारीच्या आठवड्यांचा) पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, त्यामुळे शेवटचे तीनेक आठवडे त्यात जातात. चांगली वही तिथे सूर बदलते, कापणीकडून वाट पाहण्याकडे वळते. दक्षिण गोलार्धात शरद मार्च ते जून, म्हणजे ईस्टर आणि त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा पेंटेकॉस्टचा सण त्यातच. तारखांची वही तिथे अगदीच गैरलागू ठरते. कोऱ्या तारखांची वही मात्र दोन्हीकडे चालते, आणि मध्ये आठवडा चुकला तर पान वाया जात नाही.

कुटुंबानं मिळून वापरायची असेल तर प्रत्येकाला वेगळी वही देण्यापेक्षा एकच मोठी घ्यावी आणि रविवारी एकानं लिहावं, बाकीच्यांनी सांगावं. सोबत स्तोत्र १३६ वाचावं. त्याच्या सव्वीसही ओव्यांचा उत्तरार्ध एकच आहे, त्यामुळे न वाचता येणारी लहान मुलंही दुसऱ्या-तिसऱ्या ओवीपासून सामील होतात. नुकताच शोक झालेल्या माणसाला भेट म्हणून हा प्रकार देऊ नये. द्यायचाच असेल तर ज्या वहीत विलापाचं पान मोकळं सोडलेलं आहे तीच द्यावी. ज्यांच्याकडे आधीच चांगली कोरी वही आहे त्यांनी नवी घेण्याची गरज नाही: पानावर संकट, हाक, सुटका, उपकारस्तुती असे चार शब्द डावीकडे लिहावेत, खाली 'कड' म्हणून एक ओळ आखावी आणि येत्या रविवारी सुरुवात करावी.