नैसर्गिक निवड शिकवणारं सिम्युलेशन ॲप, महिनाभर वापरून बघितलं (4/5)

सगळ्यात आधी सांगतो, उत्क्रांती म्हणजे 'बळी तो कान पिळी' असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ॲप एकदा तरी वापराच. स्क्रीनवर किडे सोडायचे, काही हिरवे काही तपकिरी, मग त्यांना खाणारे पक्षी सोडायचे आणि पिढ्या पळवायच्या.

मी पहिल्यांदा सगळे किडे एकाच रंगाचे ठेवले, शंभर पिढ्या पळवल्या, संख्या खालीवर झाली पण रंग तोच, कारण निवडायला काही नव्हतंच ना! मग रंग दोन ठेवले पण आनुवंशिकता बंद केली, तर तपकिरी जमिनीवर हिरवे खाल्ले जायचे आणि पुढच्या पिढीत परत तेवढेच हिरवे हजर. दोन्ही चालू केल्यावर मात्र बघता बघता सगळीकडे तपकिरी. यात एकाही किड्याने स्वतःचा रंग बदललेला नाही, बदललं ते प्रमाण, आणि हे इतकं स्वच्छ मला आजवर कुठेच कळलं नव्हतं.

फिंच पक्ष्यांचा भाग तर जबरदस्त आहे. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांमधलं डॅफ्ने मेजर बेट, जिथे पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं 1973 पासून पक्ष्यांच्या चोची मोजत होते. 1977 च्या दुष्काळात लहान मऊ बिया संपल्या, टणक तेवढ्या उरल्या, त्यामुळे जाड चोचीवाले जास्त जगले आणि त्यांच्या पिल्लांच्या चोचीही सरासरीने जाड निघाल्या. पण 1983 च्या एल निनोमध्ये (म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापून हवामान बदलतं तेव्हा) धो धो पाऊस पडला, लहान बियांचा सुकाळ झाला आणि मग लहान चोचीवाल्यांचे दिवस आले. म्हणजे कायमची 'भारी' चोच असं काही नसतंच, त्या वेळी तिथे काय चालतं एवढंच.

आणि एवढं दाखवून हेच ॲप शेवटी 'सर्वात प्रगत जीव' असा बॅज देतं, ते मला अजिबात पटलं नाही!!

एक स्टार कापला तो मात्र उत्परिवर्तनासाठी, म्हणजे जनुकांत होणाऱ्या बदलासाठी (म्युटेशन). वातावरण बदललं की ॲप नेमकं हवं तेच उत्परिवर्तन घडवतं, जणू किड्याने गरज ओळखून मागवलं. असं नसतं हो, लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी 1943 मध्येच बॅक्टेरियांवर दाखवलं होतं की विषाणूला न जुमानणारे बदल विषाणू समोर येण्याआधीच, आपोआप झालेले असतात. सेटिंग्जमध्ये खूप खाली 'यादृच्छिक उत्परिवर्तन' (म्हणजे गरज न बघता कसंही होणारं) असा पर्याय लपलाय, मुलांच्या हातात द्यायच्या आधी तेवढा चालू करून ठेवा.