रूट कॅनॉलनंतर दाढेला झिरकोनिया कॅप की एंडोक्राउन? वापरानंतरचा अनुभव

खालची पहिली मोठी दाढ. रूट कॅनॉल गेल्या वर्षी आंब्याच्या मोसमात झालं, दाढेवरचं सिरॅमिकचं आवरण पाऊस लागायच्या आत बसलं आणि आता शिमगा उरकला. भाकरी, सुका बांगडा, भाजलेल्या आठळ्या, सगळं त्या बाजूने चावून झालंय, म्हणून लिहितोय.

वेंगुर्ल्यात ज्याला विचारलं तो सांगे, झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या कणखर सिरॅमिकची कॅप घाला, सगळ्यात मजबूत. मजबूत आहेच. वाकवून मोडायला त्याला १००० मेगापास्कलच्या आसपास ताण लागतो, लिथियम डायसिलिकेटला, म्हणजे काच असलेल्या दुसऱ्या सिरॅमिकला, ४००च्या आसपास. पण कुडाळच्या डॉक्टरांनी मटेरियलचं नाव काढण्याआधी हातात आरसा दिला. दाढेची एक भिंत गेलेली, तीन चांगल्या जाड. पूर्ण कॅप घालायची तर त्या तिन्ही बाहेरून तासायच्या. रूट कॅनॉल झालेली दाढ फुटते ती मुख्यतः दाताचा भाग कमी झाल्यामुळे, मग उरलेला आणखी का घालवायचा?

म्हणून एंडोक्राउन घेतला. चावायचा वरचा भाग आणि नसेच्या पोकळीत बसणारा खुंट, दोन्ही एकाच तुकड्यात. दाढेच्या मुळामध्ये आधाराची पोस्ट (बारीक काडी) घालावी लागत नाही. माझा लिथियम डायसिलिकेटचा आहे. तो आतून ॲसिडने खरखरीत करतात, सिलेन (चिकटायला मदत करणारं द्रव) लावतात आणि रेझिन सिमेंटने चिकटवतात. झिरकोनियात काच नसते, त्यामुळे तिथे हे ॲसिड उपयोगी पडत नाही. एंडोक्राउनची सगळी भिस्त चिकटण्यावर असल्याने लाळेचा थेंबही चालत नाही. रबर डॅम (दाताभोवतीचा लाळ अडवणारा रबरी पडदा) लावून तोंड उघडं ठेवणं कंटाळवाणं आहे, पण डॉक्टर तो टाळत असतील तर मी तरी एंडोक्राउन करून घेणार नाही.

लॅब कोल्हापूरची, तिथून एंडोक्राउन येईतोवर तात्पुरतं फिलिंग होतं.

बसवल्यावर पहिले काही दिवस घास चावताना दाढ ठणकायची. नस काढली तरी मुळाभोवतीच्या तंतूंना दाब कळतो. दाब कुठे पडतो ते बघायला निळा कागद चावायला दिला तेव्हा मागच्या टोकावर एकच गडद ठिपका उमटला. तेवढाच घासला, मग रबराच्या चाकाने चकचकीत केला. हे पॉलिश मागून घ्या. खरखरीत राहिलेलं सिरॅमिक समोरच्या दाताची झीज करतं. ठणका त्यानंतर गेला तो गेलाच. हळदीचा, कोकमाचा डाग नाही.

माझ्या बायकोला मात्र झिरकोनियाच योग्य ठरलं. तिच्या दाढेच्या भिंती पातळ, त्यात झोपेत दात खाण्याची सवय. आधी आतून भर घालून वर पूर्ण कॅप बसवली, तिची काही तक्रार नाही. पुढच्या छोट्या दाढांना पोकळी लहान असते, तिथे एंडोक्राउन सहसा टाळतात. कीड हिरडीखाली गेली असेल तरी तो नीट चिकटत नाही. तेव्हा कुठलं मटेरियल हे नंतर विचारा, आधी विचारा: माझा दात उरलाय किती?

कुर्लीचे डेंगे मी आता दाढेने फोडत नाही, वरवंट्याने ठेचून घेतो.

एक उणीव आहे. मागच्या दाढेशी सांधा थोडा सैल राहिलाय. कुयरीच्या (कोवळ्या फणसाच्या) भाजीचे नि शेवग्याचे धागे हमखास अडकतात, रात्री फ्लॉस केल्याशिवाय झोपता येत नाही. नस नसलेल्या दाढेला कडेने पुन्हा कीड लागली तर कळ येऊन समजणार नाही, म्हणून पुढच्या तपासणीला एक्स-रे काढून तो सांधा दाखवणार आहे.