मांडे एक नंबर, पण खोकी फक्त पाचची नि आठची! (साडेतीन स्टार)

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी, जावई, भाचरं धरून घरात 27 डोकी झाली. आईला आता गुडघ्यांमुळे खापरापुढं बसवत नाही, म्हणून यंदा चाळीसगावातल्या या दुकानातून मांडे आणले, माणशी एक हिशोबानं. माल भारी आहे बुवा, पुरण पार कडेपर्यंत गेलेलं, जायफळ बेताचं, आणि कड इतकी पातळ की आमरसात बुडवली की विरघळतेच. रशीसोबत पण मस्त लागला.

आता तक्रार. मांडे खोक्यातच मिळतात, एक पाचचं नि एक आठचं, सुटा मागितला तर "भाऊ, खोकं फोडलं की बाकीचे मोडतात". बरं. मग मी काउंटरवरच 27 जमवायला बसलो, आठाचं एक घेतलं तर उरतात 19, दोन घेतली तर 11, तीन घेतली तर 3, आणि एकही न घेता 27 ला पाचाने भाग जात नाही, म्हणजे संपलंच की! मागची गर्दी चिडली ते वेगळं.

घरी येऊन कागदावर मांडलं तर गंमत अशी की 28, 29, 30, 31, 32 हे पाचही जमतात आणि त्यांच्यात पाच-पाच मिळवत गेलं की पुढचं सगळंच जमतं. म्हणजे न जमणारा सगळ्यात मोठा आकडा नेमका 27, आमच्याच नशिबात! याचं सूत्र पण आहे, दोन आकड्यांत एकाहून मोठा सामाईक भाजक नसेल तर गुणाकारातून दोन्ही वजा करायचे, 40 वजा 13. असे न जमणारे आकडे एकूण 14. तीन मापांची खोकी असती तर मात्र असं सोपं सूत्र नाही, 6, 9 आणि 20 घेतले तर 43 अडतो, पण तो एक-एक तपासूनच काढावा लागतो.

खरं तर वजाबाकी चालत असती तर सुटलंच असतं, पाचची सात घ्या नि आठचं एक परत द्या. पण "खाण्याची वस्तू परत नाही". पूर्ण आकड्यांतच उत्तर शोधायचे हे असले हिशोब म्हणजे कुट्टक, भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावतीत त्याचं अख्खं प्रकरण दिलंय, आणि त्यांच्या नातवानं, चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख कुठंय तर इथंच, आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला. दुकानापासून गाडीनं किती लांब?

मालकांना एकच विनंती, आठचं बंद करून चारचं काढा. चार नि पाच असले तर 11 च्या पुढं कुणीच अडकत नाही. दीड स्टार त्यासाठीच कापलाय.

शेवटी 28 घेतले, पाचची चार नि आठचं एक. उरलेला मांडा भाच्यांच्या भांडणात मोडला, मग रात्री दुधात कुस्करून मीच खाल्ला.