खानापूरच्या कुंभाराने कुंदासाठी घडवलेली कुंडी

आषाढात आमची कुंदा गेली. कुंदा म्हणजे आमच्या घरातली गिनीपिग. अंगाचा रंग बेळगावच्या कुंदा या मिठाईसारखा खरपूस तपकिरी असल्यामुळे मुलीने पहिल्याच दिवशी तिचे नाव ठरवून टाकले होते. परसात जिथे तिला पुरले, त्या जागेवर ठेवण्यासाठी बेळगावजवळच्या खानापुरातील एका कुंभाराकडून आम्ही मातीची कुंडी घडवून घेतली. ती हाती यायला साडेतीन महिने लागले आणि तिचे साडेसहाशे रुपये झाले. घरातला प्राणी गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी काही करून घ्यावे असे वाटणारे, पण प्राणी एवढासा असल्यामुळे ते बोलून दाखवायला संकोचणारे लोक आपल्याकडे पुष्कळ असतील असे मला वाटते, आणि त्यांच्यासाठीच या कामाविषयी सविस्तर लिहीत आहे.

गिनीपिग साधारणतः पाच ते आठ वर्षे जगते. कुंदा पावणेसहा वर्षांची होती. या प्राण्यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजावेत म्हणून त्यांना सतत गवत चघळावे लागते. शिवाय त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे रोज ढबू मिरचीचा तुकडा आणि रविवार पेठेतून आणलेली कोथिंबीर हा आमच्या घरचा नेम होता. दुखणे लपवणे हा या जातीचा स्वभावच असल्यामुळे आम्ही दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन करत असू. ९६० ग्रॅमची कुंदा दोन आठवड्यांत ७९० ग्रॅमवर आली, तेव्हा दाढा वाढून जिभेवर आल्याचे कळले. डॉक्टरांनी त्या घासून दिल्या. पुढचे अकरा दिवस आम्ही गवताची भुकटी पाण्यात कालवून सिरिंजने तिला भरवत होतो. बाराव्या दिवशी पहाटे मुलीच्या मांडीवर ती गेली. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून चांगला तीन फूट खड्डा खणून, पारिजातकाखाली तिला ठेवले. त्याआधी तिची जोडीदारीण साय हिला तिच्याजवळ बसू दिले होते. कळपात राहणारा हा प्राणी. सोबतीण कुठे गेली हे तिला कळायला हवे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सायने तिचा कान हुंगला, शेजारी बराच वेळ बसली आणि मग स्वतःहून उठून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गेली.

त्यानंतरचे दिवस फार जड गेले. कोथिंबिरीची पिशवी वाजली की दोघी मिळून शिट्टीसारख्या ओरडत. आता एकच आवाज येई, आणि काही दिवसांनी तोही येईनासा झाला. शेजारपाजारच्यांनी वाईट हेतूने नव्हे, पण सहज म्हणून विचारले, "उंदरासारखंच ते, दुसरं आणा की." नऊ वर्षांच्या मुलीने हे ऐकले आणि त्यानंतर ती कोणासमोर रडेनाशी झाली. तिच्या मनाला काही आधार मिळावा म्हणून मी आधी इंटरनेटवरून एक आठवणीची पाटी मागवली. पाटी देखणी होती, परंतु तिच्यावर पंजा होता तो कुत्र्याचा. विकणाऱ्याला कळवल्यावर "सर्व पाळीव प्राण्यांसाठी हाच नमुना आहे" असे उत्तर आले. गिनीपिगच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असतात, हे माझ्या मुलीला पाठ आहे. तिने ती पाटी उलटी करून कपाटात ठेवली.

खानापुरात कुंभारकामाची परंपरा जुनी आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथे आहे. आमच्या एका पाहुण्यांनी या कुंभारमामांकडून तुळशीवृंदावन करून घेतले होते, त्यांनीच पत्ता दिला. एका शनिवारी भर पावसात बेळगावहून बसने आम्ही मायलेकी गेलो. मी संकोचाने, जरा फिरवून विषय काढला. मामांनी हातातला चिखल धुतला, "बसा की वो ताई" म्हणून घोंगडे पुढे केले आणि पहिला प्रश्न मला नव्हे, मुलीला विचारला, "नाव काय गे तिचं? बसायची कशी?" मुलीने दोन्ही हात पोटाशी घेऊन, अंग गोळा करून, कुंदा कशी बसायची ते करून दाखवले. मग किती मोठी होती, कान उभे की पडलेले, शेपूट होते का, असे एकेक प्रश्न त्यांनी विचारले. शेपूट नसते, हे ऐकून त्यांनी मान डोलावली, जणू कुंडीचा आकार ठरवायला तेवढे पुरे होते. कुंदा गेल्यापासून तिच्याविषयी इतके बारीक प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. परतीच्या बसमध्ये मुलगी मोकळेपणाने रडली, आणि या सेवेचे मोल मी तिथपासूनच धरते.

आता कामाविषयी. मामांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले की पावसाळ्यात हवेत ओल असल्यामुळे जाड बुडाचा माल आतपर्यंत वाळत नाही, आणि आत ओल राहिलेली वस्तू भट्टीत घातली तर वाफेने फुटते. त्यामुळे दसऱ्याच्या आत कुंडी मिळणार नाही. मला तेव्हा हे रुचले नाही. दुःख ताजे असताना दसरा फार लांब वाटतो. परंतु त्यांनी घाई केली नाही, याबद्दल आज मी कृतज्ञ आहे. पहिली कुंडी सावलीत वाळताना काठ आधी सुकला, बूड मागे राहिले आणि मानेपाशी केसासारखी चीर गेली. ती चीर बुजवून, वरून गेरू फिरवून आम्हाला देता आली असती आणि आम्हाला कळलेही नसते. मामांनी ती मोडून माती पुन्हा भिजत घातली व तसे फोन करून सांगितले.

भाद्रपदात दुसरी कुंडी चाकावरून उतरली, त्या वेळी आम्हाला बोलावणे आले. कुंदाच्या पिंजऱ्यात उरलेले गवत मुलीने एका डब्यात जपून ठेवले होते, ते घेऊन या असे त्यांनी सांगितले होते. त्यातले थोडे गवत बारीक चुरून त्यांनी मातीत आधीच्या भेटीतच मळले होते. उरलेल्या काड्या मुलीने ओल्या कुंडीच्या पोटावर एकेक करून ठेवल्या आणि मामांनी थापीने त्या हलकेच आत दाबल्या. भट्टीत गवत जळून जाते, पण त्याची जागा मातीत राहते. आज कुंडीवर बोट फिरवले तर प्रत्येक काडीची रेघ लागते, एके ठिकाणी तर गवताच्या तुऱ्यावरचे दाणेसुद्धा मोजता येतात. काठाखाली मुलीने बाभळीच्या काटकीने दोन पावले कोरली आहेत, एक चार बोटांचे आणि एक तीन बोटांचे. कुंडी बसकी आहे, मागच्या बाजूला किंचित फुगीर, आणि दुरून पाहिले तर पाय पोटाशी घेऊन कोणी बसले आहे असे वाटते. मामांनी हे बोलून दाखवले नाही. घरी आणल्यावर आमच्याच लक्षात आले.

काही उणिवाही सांगायला हव्यात. कुंडीला चकाकी दिलेली नाही, त्यामुळे पाणी पाझरते आणि फरशीवर ठेवली तर डाग पडतो. आमच्यासारखी मातीवरच ठेवणार असाल तर अडचण नाही. दोन महिन्यांत बाहेरून पांढरट लोणा आला आहे, तो ओल्या काथ्याने निघतो. घरपोच सेवा नाही. पेंढ्यात आणि जुन्या पोत्यात बांधून देतात, ती मांडीवर घेऊनच प्रवास करावा लागतो. फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, कारण हात चिखलात असतात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर केल्यास बोलणे होते. ठरलेल्या तारखेलाच वस्तू हवी असणाऱ्यांनी, आणि पावसाळ्यात तर कोणीच, इथे जाऊ नये. आगाऊ पैसे मात्र मागितले नाहीत, आणि पहिली कुंडी वाया गेल्याचा भुर्दंडही आमच्यावर टाकला नाही.

कुंडीत आम्ही हरळी लावली आहे. कुंदाला ती फार आवडायची. कुंडीतली माती वेगळी असल्यामुळे त्यातली कोवळी पाती कापून सायला घालायला हरकत नाही, आणि मुलगी रोज सकाळी शाळेला जाण्यापूर्वी कात्रीने मूठभर पाती कापून आणते.

भाद्रपदातल्या त्या भेटीत मी मामांना विचारले होते की सायचेही वय झाले आहे, तेव्हा याच मातीची जोडीची कुंडी आताच करून ठेवाल का, म्हणजे रंग जुळेल. ते म्हणाले, "जित्या जिवाची मी करत न्हाई वो ताई." मग उरलेल्या मातीचा गोळा त्यांनी चाकावर ठेवला आणि आमच्यासमोर सायसाठी खायची वाटी ओढली. कुंडीच्या भट्टीतच ती भाजली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. वाटी सहा बोटे रुंद आहे आणि बूड जड ठेवले आहे, त्यामुळे सायने पुढचे दोन्ही पाय काठावर ठेवून हरळी ओढली तरी ती कलंडत नाही.